एकोणिसाव्या मैलाचा राजीनामा

मला हिंदी येते, अशी बावीस वर्षांचा होईपर्यंत माझी पक्की समजूत होती. आमच्या यवतमाळकडे बाजारात, मोटार स्टँडवर, कापसाच्या गाडीवाल्याशी आम्ही हिंदीच तर बोलत होतो! ती हिंदी नव्हती, मराठीला शेवटी 'है' लावलेलं होतं, हे जबलपूरला आल्यावर आठवड्याभरात कळायला हवं होतं. नाही कळलं. मी मुळात हट्टी माणूस. कोणी चूक दाखवली की मला आधी राग येतो आणि अक्कल मागून येते. आज ऐंशी ओलांडली तरी क्रम तोच आहे.

मी सडक खात्यात ट्रेसर म्हणून लागलो होतो. ट्रेसर म्हणजे नकाशावर पातळ कापड ताणून बसवायचं आणि खालच्या रेघा शाईने जशाच्या तशा वर उतरवायच्या. डोकं चालवायचं नाही, हात चालवायचा. मावशी मदन महालला राहत होती, तिचे यजमान रेल्वेत; त्यांच्या बाहेरच्या खोलीत माझी वळकटी पडली. पहिल्याच दिवशी ओव्हरसियर साहेबांनी माझ्यापुढे एक नकाशा टाकला आणि म्हणाले, "पूरी चेष्टा करो." मी इकडेतिकडे पाहिलं. चेष्टा कोणाची करायची ते काही सांगितलं नव्हतं. साहेब मोठे गमतीदार दिसतात, असं मनाशी म्हणत मी हसलो, तर साहेबांचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी मावशीला सांगितलं, तर ती पोळपाट सोडून हसत सुटली. "अरे बावा, इकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न! तू दात काहून काढलेस?"

पासष्टचं साल होतं. लढाईचं वातावरण आधीपासूनच तापत चाललं होतं. खमरियाकडचे कारखाने तिन्ही पाळ्यांत चालत, रांझीच्या रस्त्याने सायकलींचा लोंढा दिवसातून तीनदा जाई आणि तीनदा परत येई. तोफगाड्यांच्या कारखान्यात त्या दिवसांत लष्कराचे ट्रकही जोडत होते. जोडलेला ट्रक माल भरून लांब पळवून पाहावा लागतो, आणि त्यासाठी लांब, मोकळा, फारशी गर्दी नसलेला रस्ता लागतो. तसा रस्ता एकच होता. शहरातून निघून, रांझी सोडून, कारखान्यांच्या भिंती संपल्या की पूर्वेला कुंडमकडे आणि तिथून पुढे डोंगराळ मुलखात जाणारा. तोवर तो नुसता जिल्ह्याचा रस्ता होता, आता त्याला राज्याचा रस्ता करायचं ठरलं. त्यासाठी वरून एक लांबलचक फॉर्म आला. लांबी, रुंदी, पूल, मोऱ्या आणि शेवटच्या रकान्यात: मार्ग का इतिहास, संक्षेप में.

हा रकाना भरायला कोणालाच वेळ नव्हता. साहेब म्हणाले, नव्या मुलाला द्या. मी खूश झालो. महिनाभर त्या रस्त्याची रेघ शाईने ओढून ओढून माझ्या बोटांना ती पाठ झाली होती, आणि एक प्रश्न सारखा डोक्यात घोळत होता: ही रेघ इतकी वाकडी का? बहुतेक ठिकाणी मधे डोंगर नाही, नदी नाही, सपाट माळ आहे आणि रस्ता मात्र दारू प्यायल्यासारखा डावीकडे जातो, उजवीकडे येतो. कोणी काढला असा रस्ता? आणि काय बघून काढला?

ओव्हरसियर साहेबांच्या जीपमागे सायकल बांधून मी निघत असे. जाताना जीप, येताना सायकल. पहिल्याच खेपेला मी माती खाल्ली. फॉर्ममध्ये 'घाट' असा एक रकाना होता. पुढे रस्ता चांगला चढताना दिसत होता, म्हणून मी चहाच्या टपरीवर विचारलं, "इस रस्ते का घाट किधर शुरू होता है?" टपरीवाला म्हणाला, "इस सड़क पे घाट नहीं है. घाट जाना है तो ग्वारीघाट जाओ, उल्टी तरफ़." मी म्हटलं, नहीं कैसे, ये सामने पहाड़ पे क्या है? त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "भैया, पहाड़ पे घाट? वहाँ नाव कहाँ लगेगी?" बाकावरची माणसं हसली. नर्मदेच्या काठच्या माणसाला घाट म्हणजे पाण्यात उतरायच्या पायऱ्या. आमचा घाट म्हणजे डोंगर चढायचा रस्ता. मी पाय आपटत सायकल काढली. हसायला काय झालं मेल्यांना!

मागून एक जण चालत आला. खाकी सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर, काखेत लाल झेंडी. रस्त्यावर गिट्टी-मुरूम टाकणाऱ्या टोळीचा तो जमादार. पन्नाशी उलटलेला गोंड माणूस, टोळीतले सगळे त्याला कक्का म्हणत. तो हसला नव्हता. म्हणाला, "चढ़ाव पूछ रहे थे न? ग्यारहवें मील से है. चलो, दिखाते हैं."

तिथून पुढचे सहा महिने हा माणूस माझी शाळा होता. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रस्ता त्याला असा येत होता की विचारून सोय नाही. चौथ्या मैलाला रस्ता वाकडा का? तळं होतं म्हणून. तळं आता बुजलंय, तिथे धान लावतात; पण रस्त्याला कोण सांगणार? सातव्याला वळण का? तिथे महुआचं, आपल्या मोहाचं, मोठं झाड होतं, त्याखाली बैलगाड्या सोडायचे. लाख, हिरडा, महुआ भरून गाड्या शहराकडे यायच्या आणि शेवटचा मुक्काम त्या झाडाखाली. झाड कक्काच्या बापाने पडताना पाहिलेलं. आणि अकराव्या मैलाचा चढ? सरळ चढायचा सोडून रस्ता आडवा आडवा का जातो? कक्का म्हणाला, परतीला मीठ भरलेली गाडी घेऊन बैल सरळ चढत नाही, तो तिरका चढतो, मधे थांबतो, दम खातो. "बैल जहाँ रुका, वहाँ मोड़ हो गया. ये सड़क साहब ने नहीं बनाई भैया, बैल ने बनाई."

मी हे सगळं वहीत उतरवत गेलो. काय भन्नाट वाटायचं म्हणून सांगू! कापडावर ज्या रेघेला मी शिव्या घालत होतो, तिच्यातलं एकेक वळण खरं निघत होतं. रस्त्यात एकच तुकडा पट्टीने मारल्यासारखा सरळ होता, तेराव्या-चौदाव्या मैलाचा. मी म्हटलं, हा बघा, हा शहाण्याने काढलेला दिसतो. कक्का म्हणाला, हा इंग्रजाच्या वेळचा, आणि दर पावसाळ्यात पाणी इथूनच जातं. मी तेही वहीत उतरवलं.

एकोणिसाव्या मैलाला कक्काचं घर होतं, रस्त्याला लागून. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे जमिनीचा लहानसा तुकडा, कोदो-कुटकीच्या भरडधान्याचा, आणि तुकड्याच्या मधोमध विहीर. ही विहीर त्याने आणि त्याच्या बायकोने दोन उन्हाळे खणून काढली होती. खाली काळा दगड लागला, तर लोकांनी सोड म्हणून सांगितलं. त्यांनी नाही सोडली. दगडाखाली पाणी लागलं ते आजतागायत आटलं नव्हतं. मी गेलो की कक्काची बायको लोटा भरून आणायची, आणि पाणी कसं आहे ते मी सांगेपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. "मीठा है," म्हटलं की हिशेब मिटल्यासारखी मान हलवायचा. घरात सहा तोंडं. शेत चार महिने पुरायचं, बाकीचे आठ महिने जमादारी.

सप्टेंबरात लढाई पेटली. शहरात खिडक्यांना काळे कागद लागले. मावशी आपल्या पाटल्या सराफ्यात नेऊन वजन करून आली आणि संरक्षण निधीला देऊन टाकल्या. यजमानांना आधी विचारलंही नाही. कारखान्यातून ट्रक बाहेर पडायचे ते आता एकामागे एक, आणि साहेबांना वरून तार आली: रस्ता लगोलग रुंद करा, जमेल तिथे सरळ करा. साहेबांनी नकाशा पसरला आणि पट्टी ठेवली. एकोणिसाव्या मैलाला पट्टी कक्काच्या विहिरीवरून गेली.

हे मी पाहिलं नाही. मी दुसऱ्या टेबलावर होतो. मला साहेबांनी बोलावलं तेव्हा ते घाईत होते, पलीकडच्या पुलाच्या कामावर आठ दिवसांसाठी निघाले होते. म्हणाले, "देखो, वो जमादार तुम्हारी सुनता है. उन्नीसवें मील पे जाओ, समझाओ, लड़ाई का काम है, और उससे राज़ीनामा लिखवा के बड़े बाबू को दे दो. नरमी से." जीप सुरू झाली आणि गेली.

मी जागच्या जागी उभा. राजीनामा! कक्काचा? काय केलं त्याने? मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको, आपल्याकडे राजीनामा माणूस एकाच गोष्टीचा देतो. वय झालं म्हणून काढत असतील, लढाईच्या घाईत तरणी माणसं हवी असतील, असं मीच माझं ठरवलं. मला इतका संताप आला की विचारू नका. मनातल्या मनात साहेबांना काय काय म्हणालो! पण जीप थांबवून एक शब्द विचारला का? नाही विचारला. दोनदा हसं झालं होतं, तिसऱ्यांदा तोंड उघडायची हिंमत नव्हती. खरं कारण एवढंच आहे, आणि ते लिहितानाही मला माझा राग येतो.

एकोणिसाव्या मैलाच्या मोरीवर बसून मी कक्काला सांगितलं. नजर वर केली नाही. म्हटलं, कक्का, लढाई आहे, सरकारला अडचण आहे, तुम्हाला नोकरी सोडावी लागेल, तसं लिहून द्यावं लागेल. तो बराच वेळ झेंडीची काठी मातीत फिरवत राहिला. मग म्हणाला, "सरकार पूछ रही है?" मी म्हटलं, हो. "तो लिखो."

मी माझ्या वळणदार अक्षरात, माझ्या हिंदीत लिहिलं, की मी, सडकेचा जमादार, लढाईच्या कामात अडचण नको म्हणून आपल्या मर्जीने, कोणाच्या दबावाखाली न येता राजीनामा देता हूँ. वाचून दाखवलं. त्याने अंगठा उमटवला. मग झेंडी माझ्या हातात दिली. मी ती सायकलच्या मागे बांधून घेऊन आलो.

ऑफिसात बडे बाबू आस्थापनेच्या टेबलावर. हेही मराठीच, भोसल्यांच्या फौजेबरोबर कोणी पूर्वज कारकून म्हणून आला, तो इथलाच होऊन गेला. हिंदी अशी बोलायचे की इथला पंडित लाजेल, पण घरात मराठी, जप मराठीत, राग मराठीत. त्यांनी कागद वाचला, चुकचुकले. "चांगला माणूस होता रे. काहून दिला?" मी म्हटलं, साहेबांनी मागितला. त्यांनी हजेरीपटातलं नाव काटलं आणि कागद फायलीला लावला. मराठी माणसाने लिहिला, मराठी माणसाने वाचला, आणि दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

आठ दिवसांनी साहेब आले आणि थेट माझ्या टेबलाशी. "जमादार कहाँ है? टोली बिना जमादार के घूम रही है."

"साहब, उसका तो राजीनामा हो गया."

"हाँ, वो तो अच्छा हुआ. पर काम पे काहे नहीं आता?"

"राजीनामा दिया ना साहब."

"अरे भाई, दिया तो ठीक किया, अब काम पे आए!"

मला वाटलं साहेबांचं डोकं फिरलं. त्यांना वाटलं माझं. असे आम्ही दोघं दोन-चार फेऱ्या गरगरलो, आणि मग मी म्हटलं, नोकरीच सोडली तर कामावर कसा येईल? साहेब खुर्चीत बसले. "नौकरी? राज़ीनामा ज़मीन का था! कुएँ के लिए राज़ी है, ये लिखवाना था. नौकरी का तो इस्तीफ़ा होता है!"

इस्तीफा. हा शब्द मला माहीत होता हो! वर्तमानपत्रात मंत्री देतात तो. पण इस्तीफा म्हणजे आपला राजीनामा, आणि मग इकडचा राजीनामा म्हणजे भलतंच काही असणार, ही गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. साहेब उठले, दार लोटलं, आणि हळू आवाजात म्हणाले की त्यांना यातलं काही माहीत नाही. बडे बाबूंकडे जाऊन काय ते निस्तर, तुझी नोकरी अजून कच्ची आहे, वर बातमी गेली तर ती जाईल.

ती नोकरी गेली असती तर मी यवतमाळला परत गेलो असतो, वडिलांच्या तोंडासमोर. दोन दिवस मी काही केलं नाही. खरं सांगतो, त्या दोन दिवसांत कक्कापेक्षा माझाच विचार जास्त केला. मावशीने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. मग असा काहून बसून राहिला?" तिसऱ्या दिवशी बडे बाबूंपुढे जाऊन सगळं ओकलो.

ते आधी पांढरेफटक पडले, कारण नाव त्यांनी काटलं होतं. मग चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. एकदा, दोनदा. आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "ये इकडे," म्हणाले. "दाखव, यात नोकरी हा शब्द कुठे आहे?"

मी पाहिलं. नव्हता. मराठीत राजीनामा म्हटलं की नोकरी आलीच, म्हणून मी लिहिलीच नव्हती.

"मग झालं तर. कागदाला हात लावायचा नाही, खाडाखोड करायची नाही. फक्त हिंदीत वाचायचा. जमादार लढाईच्या कामाला राजी आहे, जमीन द्यायला राजी आहे. नाव काटलं ती माझ्या लेखणीची चूक, उद्या पुन्हा चढवतो. साहेब खूश, तू वाचलास, मी वाचलो, त्याची नोकरी वाचली. अजून काय पाहिजे?"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो. दारापर्यंत गेलो आणि विहीर आठवली. तोच कागद मराठीत वाचला तर त्याची नोकरी जात होती, आणि हिंदीत वाचला तर विहीर. माणसाचा अंगठा एक, आणि दोन्हीकडून तोच कापला जात होता. मी परत वळलो. म्हटलं, बाबूजी, त्याला एकदा विचारून येतो. बडे बाबू भडकले. "कशाला? अंगठा आहे ना? आता विचारून राहिला! आधी विचारायचं होतं!" आधी विचारायचं होतं हे तर अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सायकल मारत एकोणीस मैल गेलो. कक्का शेतात तण काढत होता. मी बांधावर उभ्याउभ्याच सांगून टाकलं: चूक माझी, सरकारने नोकरी मागितलीच नव्हती, मला शब्द कळला नाही. तो उठला, हात झटकले. मला वाटलं चिडेल, चार शिव्या देईल. मी त्याच तयारीने गेलो होतो. पण त्याला नवलच वाटलं. "नहीं माँगी थी? हमने सोचा, शहर की बाइयाँ चूड़ी उतार के दे रहीं, हमारे पास सरकार की नौकरी है, सरकार को चाहिए तो ले ले. किसी फ़ौजी के घर में लग जाएगी."

हे ऐकून मला रडू आलं. लपवलं नाही. मग मान खाली घालून उरलेलं सांगितलं: त्यांना नोकरी नको होती कक्का, रस्त्यासाठी ही विहीर हवी आहे. तुम्ही अंगठा दिलेल्या कागदाचा तसा अर्थ लावता येतो. तसा लावला तर नोकरी उद्याच परत मिळेल.

तो विहिरीकडे वळून बघत राहिला. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिने सगळं ऐकलं होतं. मग तो म्हणाला, "नौकरी सरकार की थी, हमने लौटा दी. कुआँ तो सरकार का नहीं है भैया. कुएँ के लिए हम राज़ी नहीं हैं."

"मग नोकरीचं?"

"वो तुम जानो. तुमने ली है."

खरंच होतं. ती मीच घेतली होती.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण जीव टांगणीला लावायची मला आवड नाही. मी ओव्हरसियरच्या वरच्या मोठ्या साहेबांना लेखी दिलं, की शब्दाचा अर्थ न कळल्याने भलताच कागद करून घेतला, जमादाराचा दोष नाही, बडे बाबूंनी माझ्यावर विसंबून नाव काटलं. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी आणखी वर्षभर कच्ची राहिली, आणि रस्त्यावर जाणं कायमचं बंद झालं. नंतरची सगळी वर्षं मी टेबलावरच रेघा ओढल्या. कक्काचं नाव पटावर चढलं, मधले दिवस रजेत धरले. संमती नव्हती आणि वाद घालायला लढाईत कोणाला सवड नव्हती, म्हणून रस्ता विहिरीला वळसा घालून गेला. इतिहासाच्या रकान्यात तेवढी एक ओळ माझी आहे: मील उन्नीस, मोड़, कारण कुआँ. आता तिथून जाणाऱ्यांनी कोणा साधूबाबाची गोष्ट जोडली आहे म्हणे. जोडू देत.

पण हे सगळं व्हायला आणखी एक कागद लागणार होता. कक्काचं स्वतःचं म्हणणं, त्याच्या अंगठ्याचं. ते मी तिथेच, त्या दिवशी, विहिरीच्या कठड्यावर बसून लिहिलं. राजीनामा हा शब्द त्यात येऊ दिला नाही. मैंने नौकरी छोड़ी नहीं है, कुआँ देना नहीं चाहता, बस. इतकं साधं, की दुसरीतल्या पोरालाही कळावं. मोठ्याने वाचून दाखवलं. शाईचं पॅड उघडून पुढे धरलं.

कक्काने अंगठा धोतराला पुसला. मग हात पुढे केला तो पॅडकडे नाही, कागदाकडे. "लाओ. मास्टर जी से पढ़वा लाते हैं."

शाळा पुढच्या गावात, दीड मैलावर. मी म्हणणार होतो, की मी वाचून दाखवला की आत्ताच. त्याने कागदाची घडी घातली, डोक्याच्या पटक्यात खोचली आणि चालू लागला. मी तिथेच बसून राहिलो. आधी मला राग आला, माझ्या सवयीप्रमाणे; सहा महिने हा माणूस मला वळणावळणाची गोष्ट सांगत होता, मी ती उतरवत होतो, आणि आज माझं अक्षर त्याला दुसऱ्याकडून तपासून हवं होतं! मग राग कोणावर काढायचा ते समजेना, आणि नुसती लाज उरली. त्याची बायको पाणी शेंदून गेली. त्या दिवशी लोटा पुढे आला नाही, आणि मीही मागितला नाही.

तासाभराने तो परत आला. कागद उलगडून माझ्या मांडीवर ठेवला.

"दो बार पढ़वाया," म्हणाला. "ठीक लिखा है."

मग त्याने अंगठा पुढे केला.